चौथं तोंड

सोमवार, ८ जानेवारी

आजपासून घरातल्यांना कळू न देता घरावर नजर ठेवायची आहे, आणि तीही विद्यापीठाच्या परवानगीने. कुटुंब आणि ग्राहक अर्थशास्त्राच्या दुसऱ्या सत्राला एक प्रकल्प असतो. आपल्याच घरात साबण, चहापावडर, गॅस, धुण्याची पावडर किती पुरते ते टिपायचं, पुस्तकातल्या प्रमाणाशी ताडून बघायचं आणि फरक पडला तर का पडला ते शोधायचं. घरच्यांना सांगितलं की ते शहाण्यासारखे वागायला लागतात, म्हणून सांगायचं नाही. मॅडम म्हणाल्या, वजनकाट्यावर उभा राहिला की माणूस पोट आत घेतो. वर्गातली पोरं हसली. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. ग्राहक भांडार बंद पडेपर्यंत मी तिथल्या काउंटरवर होते. पोट आत घेणारे, पिशवी पाठीमागे धरणारे, साबणाची वडी बाहीत सरकवणारे, सगळे नमुने बघून झालेत. या वयात पोरांच्या बाकावर बसले असले तरी संशय घेण्यात माझी पीएचडी कधीच झाली आहे.

पहिली पायरी म्हणजे घरात माणसं किती ते लिहायचं. मॅडमची व्याख्या सोपी आहे: एका चुलीवर जेवतात ती. मी तीन लिहिली. मी, हे आणि वन्सं. हे पाणीपुरवठ्याच्या पंपघरात असतात, पाळ्या बदलत राहतात. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्या दिवसभर घरी असतात आणि हवं ते ऐकू येतं, नको ते येत नाही. आमच्या लेकीचं, ठकीचं, लग्न होऊन दीड वर्ष झालं, ती आता दुसऱ्या चुलीवर.

तुलनेसाठी आणखी एक घर लागतं. मी ठकीचंच घेणार. आमचे जावई एका कारखान्याच्या गोदामाचे प्रमुख आहेत. व्यवस्थितपणा त्यांच्याकडून शिकावा.

गुरुवार, ११ जानेवारी

संध्याकाळी ठकीकडे जाऊन आले. बघून डोळे निवले. किराण्याचं कपाट कुलपात. रोज संध्याकाळी जावई दुसऱ्या दिवसाचं सामान काढून ओट्यावर मांडतात, तांदूळ वाटीने, चहापावडर चमच्याने. साबणाच्या वडीचे दोन तुकडे करून ठेवतात, म्हणजे एका वेळी अर्धीच भिजते. शाम्पूची बाटली नाहीच, पुड्या, आणि आठवड्याला एक. गिझरला वेळेचं बटण लावलंय, पाणी तापतं आणि आपोआप बंद होतं. काय डोकं चालतं या माणसाचं! दाराला नवीन लोखंडी जाळीचं दार बसवलंय. आतून कुलूप घालता येतं, बाहेरूनही. आमच्याकडे वन्सं कडी लावायलाही विसरतात.

मी म्हटलं, तुम्ही एकदा आमच्या वर्गात येऊन बोला. ते हसले आणि म्हणाले, "शिस्त लागायला वेळ लागतो, आई. एकदा लागली की माणूस तक्रार करत नाही."

हे वाक्य मी प्रकल्पात घालणार आहे. ठकीने चहा केला, मला दिला, त्यांना दिला, स्वतः घेतला नाही. बारीक झाली आहे. लग्नानंतर पोरी सुटतात, ही आटोपशीर झाली. खाण्यापिण्यातही शिस्त आली म्हणायची. तिला खालपर्यंत सोडायला यायचं होतं, पण जावई म्हणाले मीच सोडतो.

बुधवार, १७ जानेवारी

दुपारी वाचनालयात असताना ठकीचा फोन. चार दिवस येऊ का, म्हणाली. मी म्हटलं, आत्ता? एक तर पुढच्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा. त्यात माझं निरीक्षण चाललंय, मध्येच पाहुणा आला तर सगळे आकडे बिघडतील. शिवाय इतकं नीटनेटकं घर सोडून माझ्या पसाऱ्यात कशाला येतेस? प्रकल्प संपला की ये, हवी तितकी राहा.

ती नुसतं "बरं" म्हणाली. एरवी ही मुलगी हो म्हणायच्या आधी दहा वेळा भांडायची. जावयांनी चांगलं वळण लावलंय. मला बरं वाटलं, आणि मी लगेच पुढचं प्रकरण वाचायला घेतलं. घरात निर्णय कोण घेतं, असं त्याचं नाव आहे. कंटाळवाणं आहे.

सोमवार, २९ जानेवारी

परीक्षा बरी गेली. आठवडाभर नोंदींच्या पत्रकाकडे बघायला वेळ झाला नव्हता, आज ते काढलं आणि मनात पाल चुकचुकली. अंगाचा साबण फार लवकर झिजतोय. चहापावडरीचा डबा हलका लागतो. तांदूळही. आम्ही तिघं माणसं, तीही अशी की ह्यांना साखर बंद, मी दिवसभर विद्यापीठात, आणि वन्सं चिमणीएवढं खातात. हे कोण खातंय?

वन्संना आडून विचारलं, दुपारी शेजारच्या बायका येऊन बसतात का? त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. म्हणाल्या, हल्ली भूक वाढली आहे, हवा चांगली आहे. हवेने तांदूळ संपतो हे आमच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय. आता डोळ्यात तेल घालून बघायचं.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

तास रद्द झाला म्हणून लवकर आले. न्हाणीघर ओलं. वन्सं सकाळी अंघोळ करतात, हे पहाटेच्या पाळीला गेलेले. दोरीवर माझा जुना टॉवेल वाळत होता, आणि त्यावर एक केस. लांब, काळाभोर. वन्संचे केस पांढरे आणि मानेपर्यंत, माझे रंगवलेले. एवढा लांब केस ठकीच्या लग्नानंतर आमच्या घरात कोणाचाच नाही.

मी तो केस पाकिटात घालून ठेवला. हसू येतंय लिहिताना, पण पाकिटावर तारीखही घातली. ह्यांची पहाटेची पाळी दुपारी सुटते. मी संध्याकाळी येते. मधला सगळा वेळ घर ह्यांचं आणि वन्संचं. बहीण भावाला कधी पाठीशी घालणार नाही?

घरी यायच्या आधीच ठकीला फोन केला होता, तोही बोलायला नाही, तिचा आवाज ऐकायला. तास सुटला, घरी निघाले, एवढंच सांगितलं. तिच्या मागे काहीतरी करकरत होतं. आमच्या इमारतीच्या तळाशी तो ग्रीलवाला दिवसभर लोखंड कापतो, त्याच्या मशीनसारखं अगदी. माझी अर्धी तक्रार त्याच्यावर आणि अर्धी सोसायटीच्या सेक्रेटरीवर असते. तिच्याकडेही कोणीतरी काम काढलेलं दिसतं. या जगात शांतता म्हणून कुठे नाही. मी तर बसस्टॉपवरून बोलत होते, तिथेही हॉर्न.

बुधवार, ७ फेब्रुवारी

स्कूटरच्या डिकीत दुसरं हेल्मेट आहे. मी स्कूटरवर बसत नाही, मला चक्कर येते, हे ह्यांना लग्नापासून माहीत आहे.

मी स्वयंपाकघरात शिरले की दोघं बहीणभाऊ गप्प होतात. काल वन्सं जोरात म्हणत होत्या, "अजून किती दिवस असं लपवायचं?" मी आत आले तर लगेच भांडी आवरायला लागल्या. ज्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही त्यांना माझं पाऊल बरोबर ऐकू आलं.

आणि आज जेवताना ह्यांनी तोंड उघडलं. ताटाकडे बघतच विचारलं, "समजा घरात एक माणूस वाढलं, तर तुझ्या अभ्यासाला फार अडचण होईल का गं?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. इतका निर्लज्जपणा! वर माझ्या अभ्यासाची काळजी. मी अगदी शांतपणे सांगितलं, "या घरात माझ्याशिवाय दुसरी कोणी राहायला येणार नाही. यायचा प्रयत्न केला तर मी तिला दारातून परत पाठवीन."

 ह्यांनी मान खाली घालून भात कालवला आणि खाल्ला नाही. वन्संनी डोळ्याला पदर लावला. नाटकं. दोघांचंही तोंड बंद केलं एकदाचं, असं वाटलं. पण आता लिहिताना माझंच रडू आवरत नाही. इतक्या वर्षांचा संसार आणि एका टॉवेलवरच्या केसाने असा उघडा पडावा.

शनिवार, १० फेब्रुवारी

कोणाशी बोलू? बहीण असती तर तिच्याशी बोलले असते. वर्गातली पोरं मला काकू म्हणतात, त्यांना काय सांगणार. शेवटी जावयांना फोन केला. आमच्या नात्यात डोकं ठिकाणावर असलेला एकच माणूस.

सगळं सांगितलं. साबण, तांदूळ, ओलं न्हाणीघर, केस, हेल्मेट. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, हे सगळं कोणत्या वेळी होतं? मी म्हटलं, दुपारीच, मी नसताना. रविवारी कधी नाही. बोलता बोलता विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, तुमच्याकडेही हल्ली फार आवाज असतो वाटतं, दुपारी ठकीशी बोलले तर आमच्या ग्रीलवाल्यासारखंच मशीन वाजत होतं.

ते म्हणाले, "आमच्याकडे काही काम चालू नाही, आई." मग विचारलं, असा आवाज किती वेळा ऐकला? मी म्हटलं, दोन-तीनदा तरी. किती बारकाईने ऐकून घेतात. आमच्या ह्यांना मी सांगत असले तर हे मध्येच पेपर उलटतात.

शेवटी म्हणाले, "तुम्ही कोणाला काही बोलू नका. मी बघतो."

मनावरचं ओझं उतरलं. घरात एक तरी पुरुष आपल्या बाजूने उभा राहिला.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

चोरी थांबली!

सोमवारपासून साबण जिथल्या तिथे. न्हाणीघर दुपारी कोरडं ठणठणीत. तांदूळ, चहा, सगळं पुस्तकातल्या प्रमाणावर येऊन बसलं. मी तीनदा ताडून बघितलं. जावयांनी ह्यांना बाजूला घेऊन समजावलं असणार. कसं ते मी विचारलं नाही, माणसाची अब्रू असते.

हे मात्र पार उतरलेत. दाढी केली नाही, कामावरून आले की गॅलरीत उभे राहून रस्त्याकडे बघत बसतात. येणारी येत नाही म्हणून वाट बघताय का, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. काल संध्याकाळी स्कूटर घेऊन गेले आणि लगेच परत आले. कुठे गेला होतात? म्हणाले, ठकीकडे, पण जावई म्हणाले ती झोपली आहे, बरं नाही. दारातूनच परत फिरले. बघा, पश्चात्ताप झाला की माणसाला लेक आठवते.

ठकीचा फोन मात्र आता रोज येतो, संध्याकाळी, आणि जावई शेजारी असतात. फोन स्पीकरवर असतो, तिघांच्या छान गप्पा होतात. बरी आहेस का, तर म्हणते बरी आहे. येऊ का बघायला, तर म्हणते नको. मागे ते मशीन वाजत नाही आता. तिच्याकडचं काम संपलं वाटतं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आज वर्गात प्रकल्प मांडला. आधी आमचं घर, मग ठकीचं. ठकीच्या घराच्या भागाला मी नाव दिलं होतं, आदर्श गृहव्यवस्थापनाचं एक उदाहरण. कपाट, अर्धी वडी, गिझरचं बटण, जावयांचं ते वाक्य. पोरं नेहमी माझ्या बोलण्यावर खुसखुसतात, आज एकही हसलं नाही. मला वाटलं, प्रभाव पडला.

मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, "किल्ली कोणाकडे असते?"

मी म्हटलं, जावयांकडे.

"आणि दिवसा तिला भूक लागली तर?"

मी म्हटलं, काढून ठेवतात ना ते. त्यांनी पुन्हा विचारलं, ते पुरतं का, असं तुम्ही तिला विचारलंत? मला राग आला. माझी लेक आहे, मला कळत नाही का? मग त्या आमच्या घराच्या तक्त्याकडे वळल्या. म्हणाल्या, तुमचा वापर तीन माणसांच्या वर गेला आणि मग एका सोमवारी एकदम खाली आला. तुम्ही लिहिलंय, गळती थांबली. तांदूळ गळत नाही. कोणीतरी जेवत होतं आणि त्याचं जेवण बंद झालं. ते कोण, हे शोधल्याशिवाय मी प्रकल्प घेणार नाही.

आता भर वर्गात मी काय सांगू, की माझ्या नवऱ्याची कोणीतरी? तोंडात मारल्यासारखी खाली बसले. मॅडमचं लग्न झालेलं नाही. संसारातलं त्यांना काय कळणार, असं मनात म्हणत घरी आले. पण बसमध्ये तो किल्लीचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

बुधवार, २१ फेब्रुवारी

हात अजून दुखतोय. तरी आजचं आजच लिहिते.

आज मुद्दामच दुपारी घरी आले. दबकत जिना चढले, चोर पकडायला चढावा तसा. दार नुसतं लोटलेलं. वन्सं स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, समोर दोन ताटं. एक त्यांचं, एक झाकलेलं. त्यांच्या ताटातलंही कशाला हात लावलेला नव्हता.

मी विचारलं, "कोणाची वाट बघताय?"

आज त्यांना पहिल्या हाकेला ऐकू आलं.

"तुझ्या लेकीची," त्या म्हणाल्या. "दुसरी कोण येणार? तुझी परीक्षा होती तेव्हापासून दुपारी यायची. पोटभर जेवायची, न्हायची, तासभर झोपायची, आणि नवरा यायच्या आत परत जायची. भाऊ सोडून यायचा. गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून आली नाही. तू जावयाला काय सांगितलंस?"

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? 

"तिने आधी तुलाच विचारलं होतं," वन्सं म्हणाल्या. "तू म्हणालीस आकडे बिघडतील. मग ती म्हणाली, आईला सांगू नका, तिच्या पुस्तकात तो आदर्श आहे, ती मला परत पाठवेल. आणि त्या दिवशी भाऊने जेवताना विषय काढला तर तू काय म्हणालीस? दारातून परत पाठवीन."

मी तिथेच खाली बसले. टॉवेलवरचा केस. त्या केसाला मी लहानपणी रोज तेल लावलंय, वेणी घातली आहे, उवा काढल्या आहेत. आणि पाकिटात घालून ठेवला, पुरावा म्हणून. ते मशीन. ते तिच्याकडे कधी वाजतच नव्हतं. इथे, माझ्या घरात, माझ्या टॉवेलने डोकं पुसत ती माझ्याशी बोलत होती, आणि मी तिला सापडवून दिलं. जावयांना वेळ सांगितली, वार सांगितला, आवाजसुद्धा सांगितला.

हे पंपघरात होते. मी थांबले नाही. आमचे हे बसमध्येही सगळे चढल्यावर चढतात. त्यांना वाटलं होतं माझी परीक्षा होऊ दे, प्रकल्प होऊ दे, मग बघू. वकिलाकडेही जाऊन आले म्हणे. माझ्यासाठी थांबले होते, असं वन्सं म्हणाल्या. त्याचा राग कोणावर काढू ते कळेना.

खाली ग्रीलवाल्याकडे गेले. त्याने मला बघितलं आणि मशीन आपणहून बंद केलं, नेहमीची कटकट आली म्हणून. मी म्हटलं, "दादा, माझ्याबरोबर चला. एक कुलूप कापायचं आहे. माझ्या लेकीच्या दाराचं." त्याने हातातलं छोटं मशीन आणि वायरचं गुंडाळं पोत्यात टाकलं आणि रिक्षा थांबवली.

जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. मुठीएवढं. मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग आतलं लाकडी दार थोडंसं उघडलं आणि जाळीमागे ठकी दिसली. केस बांधलेले, चेहरा एवढासा. त्या सोमवारपासून कामावर जाताना ते बाहेरून कुलूप घालतात, फोनही बरोबर नेतात, हे तिने नंतर सांगितलं.

"आई, तू जा," ती म्हणाली. "ते संध्याकाळी येतील. मग सगळ्यांशी नीट बोलू."

मी म्हटलं, "तू घरी चल."

"तुझा प्रकल्प आहे ना?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती, हे सगळ्यात वाईट. मी जाळीतून बोटं आत घातली. तिने धरली नाहीत, पण मागेही सरकली नाही.

ग्रीलवाल्याने इकडेतिकडे बघून विचारलं, वीज कुठून घ्यायची? शेजारचं दार बंद. मग त्याने वायरचं टोक जाळीतून आत सरकवलं आणि म्हणाला, "ताई, आतून लावता का?"

ठकी त्या वायरकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं, ही लावणार नाही. आत काय काय मोजलं जातं ते मी स्वतः लिहून घेतलं होतं. मग ती वाकली, वायर उचलली आणि भिंतीशी गेली. बटणाचा आवाज आला.

मशीन सुरू झालं. तेच करकरणं, ज्याच्याबद्दल मी सेक्रेटरीला अर्ज दिले आहेत. ठिणग्या उडाल्या तशी मी तोंड फिरवलं, पण हात जाळीतून काढला नाही, म्हणून दोन ठिकाणी भाजला. कुलूप पडलं तेव्हा ठकी म्हणाली, "आपल्याकडे दुपारी झोपायचे तेव्हा हा आवाज यायचा. मला छान झोप लागायची."

तिने बरोबर काहीच घेतलं नाही. चपलासुद्धा जुन्या.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

जावई सकाळीच आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फळं. मला "आई" म्हणाले. म्हणाले, थोडा गैरसमज झाला, तिला पाठवा, आणि कापलेल्या कुलपाचं मी काही मनावर घेत नाही. इतक्या गोड बोलण्याला मी दीड वर्ष भुलले. काउंटरवर असते आणि असं गोड बोलणारं गिऱ्हाईक आलं असतं, तर आधी त्याची पिशवी बघितली असती.

मी दारात उभी राहिले. विचारलं, "किल्ली कोणाकडे होती?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मग म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होता आई, आदर्श घर."

 म्हटलं होतंच मी. हे माझ्या मागे येऊन उभे राहिले, दाढी न केलेले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने बोलताना ऐकलं. म्हणाले, "मीच दारातून परत फिरलो होतो एकदा. आज तुम्ही फिरा." मग दार लावलं आणि कडीही घातली.  फळं बाहेरच राहिली. वकिलाने दुपारी बोलावलंय, ठकीला घेऊन हे जातील. मला चल म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

दुसरं हेल्मेट ठकीने घातलं. ते तिच्या मापाचं आहे.

रविवार, २५ फेब्रुवारी

मॅडमना घरी जाऊन भेटले. म्हटलं, प्रकल्प चुकला आहे, पहिल्याच ओळीत. घरात माणसं चार होती, मी तीन लिहिली. बाकी सगळ्या आकड्यांवर संशय घेतला, तेवढा एक सोडून. आणि आदर्श घराचं प्रकरण फाडून टाकायचं आहे. मॅडम म्हणाल्या, फाडू नका, नाव बदला. मुदत वाढवून दिली. मग विचारलं, ती कशी आहे?  मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांच्याबद्दल मी इथे जे लिहिलंय ते मागे घेते.

कशी आहे, मलाही माहीत नाही. जेवते, झोपते, वन्संच्या मांडीवर डोकं ठेवून पडते. आत्याशी बोलते, बाबांशी बोलते. माझ्याशी विचारलं तेवढंच. आज सकाळी तिने चहापावडरीचा डबा उघडला आणि मी सवयीने डब्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. चमचा तिच्या हातात तसाच थांबला.

"हे पण लिहिणार आहेस का, आई?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. तिने तो चमचा परत डब्यात टाकला आणि चहा केलाच नाही. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. हे एका दिवसात फिटणार नाही, आणि घाई करायचा हक्क मला नाही. ते पत्रक मी बॅगेत घालून कपाटाच्या वर ठेवलंय. कपाटाला कुलूप नाही, तरी एकदा बघून आले.

आत्ता ती न्हायला गेली आहे. मोठी बाटली आणून ठेवली होती, ती घेऊन गेली हे मी बघितलं, म्हणजे बघायचं नव्हतं पण दिसलं. पाणी केव्हाचं वाहतंय. वन्संनी स्वयंपाकघरातून विचारलं, गिझर बंद करू का, बराच वेळ झाला.

मी म्हटलं, असू दे चालू.